जागतिक वाटाघाटींत छोट्या संघटनांनी शिरायचं कुठल्या दारानं?

पानगळ

कचरावेचकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या चौदा संघटनांचं आमचं एक जाळं आहे, पाच देशांत पसरलेलं. त्यातल्या तीन नोंदणीकृत संस्था आहेत, बाकी सहकारी गट आणि कामगार संघटना. जाळ्याची स्वतःची नोंदणी नाही. प्लॅस्टिक करार, हवामान परिषदा, विकास बँकांच्या कर्जावर उभे राहणारे कचरा प्रकल्प, या सगळ्यांचे निर्णय वरच्या पातळीवर होतात आणि परिणाम थेट कचऱ्याच्या ढिगावर काम करणाऱ्यांवर होतो. आजवरचा सहभाग मात्र दुसऱ्यांनी लिहिलेल्या निवेदनांखाली सही करण्यापुरताच राहिला आहे.

आता यापुढे जायचं आहे. जाणकारांना विचारायचं ते असं:

१. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचा (इकोसॉकचा) सल्लागार दर्जा आधी मिळवावा का? त्याशिवाय काहीच करता येत नाही असं काही सदस्य म्हणतात.

२. दर्जा मिळाल्यावर बोलायला मिळणारी दोन मिनिटं खरोखर काही बदलतात का?

३. पैसा आणि माणसं मोजकी असताना सुरुवात कुठून करावी?

---

उंबरठा

सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करा. आधी कुठला निर्णय बदलायचा आहे ते ठरवा, मग तो निर्णय कोणत्या खोलीत होतो ते शोधा आणि शेवटी त्या खोलीला कुठला पास लागतो ते बघा. बहुतेक संघटना पासापासून सुरुवात करतात. दोन-तीन वर्षं कागदपत्रांत जातात आणि हातात येणारा पास भलत्याच इमारतीचा निघतो.

इकोसॉकच्या दर्जाचं मूळ संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या कलम 71 मध्ये आहे. परिषद बिगर-सरकारी संस्थांशी सल्लामसलतीची व्यवस्था करू शकेल, एवढंच ते कलम म्हणतं. त्यात शब्द ‘सल्लामसलत’ आहे, ‘सहभाग’ नाही, आणि हा फरक सुरुवातीपासून मुद्दाम राखलेला आहे. सध्याचे नियम ठराव 1996/31 मधले आहेत. दर्जाचे तीन प्रकार: सर्वसाधारण, विशेष आणि यादीतला. सर्वसाधारण दर्जा परिषदेच्या बहुतेक विषयांवर काम करणाऱ्या मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांना मिळतो. त्यांना कार्यक्रमपत्रिकेत विषय सुचवता येतो आणि 2000 शब्दांपर्यंत लेखी निवेदन देता येतं. विशेष दर्जावाल्यांना परिषदेपुढे 500 शब्द आणि तिच्या उपसमित्यांपुढे 1500 शब्द मिळतात. यादीतल्यांना विचारलं तर बोलायचं. तुमच्यासारख्या जाळ्यानं ‘विशेष’चाच विचार करावा.

अटींपैकी ज्या आडव्या येतात त्या या: अर्जाच्या वेळी अधिकृत नोंदणीला किमान दोन वर्षं पूर्ण हवीत, लोकशाही पद्धतीनं मंजूर झालेली घटना हवी, निर्णय कोण घेतं आणि सदस्यांना जाब कोण देतं हे कागदावर दिसायला हवं आणि पैसा कुठून येतो ते उघड हवं. जाळ्याची नोंदणी आज केलीत तरी त्याच्या नावानं अर्ज दोन वर्षांनीच करता येईल. तोवर तीन नोंदणीकृत संस्थांपैकी एकीनं अर्ज करणं हाच मार्ग. पण मग सदस्यांमध्ये लेखी करार करा: दर्जा जिच्या नावावर आहे ती संस्था पास कसे वाटणार, निवेदनाचा मजकूर कोण मंजूर करणार आणि तिनं जाळं सोडलं तर पुढे काय. हे आधी न ठरवल्यानं चांगल्या चांगल्या आघाड्या फुटल्या आहेत.

अर्ज इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये, ऑनलाइन. शुल्क शून्य. दर्जा मिळवून देतो म्हणून पैसे मागणारे मध्यस्थ भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठवा. पुढच्या वर्षीच्या बैठकीत अर्ज विचारात यायचा तर आदल्या वर्षीची 1 जून ही मुदत ठरलेली आहे; तरी त्या वर्षीची तारीख एकदा तपासा. घटना, नोंदणी प्रमाणपत्र आणि ताजा आर्थिक ताळेबंद जोडावा लागतो. दर्जा मिळाल्यावर दर चार वर्षांनी अहवाल द्यायचा असतो. तो चुकला तर स्मरणपत्रं येतात, मग दर्जा एक वर्ष निलंबित होतो आणि तरीही अहवाल गेला नाही तर रद्द. कार्यालयाचा ईमेल बदलला, माणूस सोडून गेला आणि स्मरणपत्रं कुणी वाचलीच नाहीत, असं सर्रास घडतं. संस्थेचा कायमचा ईमेल द्या, व्यक्तीचा नको.

आता दर्जाशिवाय उघडी असलेली दारं.

मानवाधिकार परिषदेत प्रत्येक देशाचा जो सार्वत्रिक नियतकालिक आढावा होतो, त्यासाठी कोणीही लेखी माहिती देऊ शकतं. एका संस्थेला 2815 शब्द, संयुक्त निवेदनाला 5630. भाषा शक्यतो इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिश. सगळ्यांच्या माहितीचा गोषवारा मानवाधिकार उच्चायुक्तांचं कार्यालय सुमारे दहा पानांत करतं आणि इतर देशांची शिष्टमंडळं आढाव्याआधी तोच वाचतात. त्यामुळे ढीगभर तक्रारींपेक्षा तीन-चार मुद्दे, प्रत्येकाला पुरावा आणि शेवटी ‘अमुक कायद्यात अमुक दुरुस्ती करावी’ इतकी नेमकी शिफारस, असं लिहिलेलंच गोषवाऱ्यात उतरतं. माहिती देण्याची मुदत आढाव्याच्या काही महिने आधी संपते आणि एकदा हुकली की पुढची फेरी साडेचार वर्षांनी.

मानवाधिकार परिषदेच्या विशेष प्रतिवेदकांना (एखाद्या विषयावर किंवा देशावर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र तज्ज्ञांना) लिहायलाही दर्जा लागत नाही. मानवाधिकार करारांवर देखरेख करणाऱ्या समित्यांना पर्यायी अहवाल (सरकारच्या अहवालाला जोड म्हणून संघटनांनी दिलेला) देता येतो, त्यालाही नाही. विकास बँकांच्या तक्रार यंत्रणांना तर संस्था असण्याचीसुद्धा गरज नाही. बाधित माणसं पुरतात.

दोन मिनिटांबद्दल: मानवाधिकार परिषदेत आता बऱ्याचदा दीडच मिनिट मिळतं. इंग्रजीत जेमतेम 200 शब्द बसतात. त्याहून भरभर वाचलं की दुभाषे मागे पडतात आणि पाच भाषांत ऐकणाऱ्यांना निम्मंच कळतं. त्या भाषणानं सभागृहातलं मत बदलत नाही. त्याचा उपयोग दोन गोष्टींना: ते नोंदीत जातं आणि मायदेशी अधिकाऱ्यासमोर, पत्रकारासमोर ठेवता येतं. एवढ्यासाठी विमानाचं तिकीट काढायचं का, हे त्याच हिशेबानं ठरवा.

---

ओलिताखाली

वरच्या प्रतिसादात एक भर. प्लॅस्टिक कराराच्या वाटाघाटी संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या छत्राखाली सुरू झाल्या आणि त्या संस्थेची मान्यता इकोसॉकपेक्षा वेगळी असते. तिलाही ना-नफा नोंदणी आणि दोन वर्षांचं अस्तित्व लागतं, शिवाय काम एका देशापुरतं नाही हे दाखवावं लागतं. पाच देशांतलं काम इथे उपयोगी पडेल, फक्त ते घटनेत आणि वार्षिक अहवालात लिहिलेलं हवं. मान्यता मिळाली की नऊ ‘प्रमुख गटां’पैकी एकात बसता येतं. हे गट 1992 च्या रिओ परिषदेतल्या अजेंडा 21 मधून आले. तुमच्या सदस्यांत कामगार संघटना आहेत, तेव्हा ‘कामगार व कामगार संघटना’ हा गटही बघा, ‘बिगर-सरकारी संस्था’ एवढाच नको. तिथे गर्दी कमी आणि तुमच्या प्रश्नाची भाषा आधीच बोलली जाते.

हवामान परिषदेची निरीक्षक मान्यता पुन्हा तिसरीच. तिथेही नऊ गट आहेत, पण नावं वेगळी. मान्यतेआधी जायचंच असेल तर मान्यताप्राप्त संस्थेच्या कोट्यातून एखादा बॅज मागून घेतात. पण बॅज म्हणजे प्रवेशाची हमी समजू नका. 2009 ला कोपनहेगनमध्ये 15,000 माणसं मावतील अशा जागेसाठी 40,000 हून अधिक अर्ज आले होते. दुसऱ्या आठवड्यात निरीक्षकांसाठी जादा पास लागू केले गेले आणि शेवटच्या दिवशी हजारो मान्यताप्राप्त प्रतिनिधी बाहेर राहिले. अनुभवी लोक महत्त्वाची कामं पहिल्या आठवड्यात उरकतात ती याचसाठी.

---

चौकटी_कंस

दुसऱ्या प्रश्नावर थोडं विस्तारानं लिहितो, कारण माझ्या मते सगळी मेख तिथे आहे. करार भाषणांनी बदलत नाहीत, मसुद्यातल्या शब्दांनी बदलतात. तुमचं काम तो शब्द एखाद्या सरकारच्या तोंडी घालणं. निरीक्षकाला मजकूर मांडण्याचा अधिकार सहसा नसतो. एखादा सदस्य देश तो मांडतो, दुसरे उचलून धरतात, तिसरे विरोध करतात आणि वादातला शब्द चौकटी कंसात जातो. शेवटच्या रात्री कंस सोडवले जातात. ज्या शब्दाच्या मागे कुणी देश उभा नाही तो त्या रात्री गळतो.

त्यामुळे पहिलं काम भाषा शोधण्याचं. नवा शब्द घालायला मुत्सद्दी घाबरतात, कारण त्यांना राजधानीकडून परवानगी आणावी लागते. आधी मान्य झालेल्या दस्तऐवजातला शब्द पुन्हा वापरायला ती अडचण कमी. कचरावेचकांच्या बाबतीत हाताशी चांगली भाषा आहे. संयुक्त राष्ट्र पर्यावरण सभेच्या मार्च 2022 मधल्या ठराव 5/14 च्या प्रास्ताविकात, अनेक देशांत प्लॅस्टिक गोळा करणं, वेगळं करणं आणि त्याचा पुनर्वापर यांत अनौपचारिक व सहकारी व्यवस्थेतल्या कामगारांच्या मोठ्या योगदानाची दखल आहे. पॅरिस कराराच्या प्रास्ताविकात कामगारांच्या न्याय्य संक्रमणाचा, म्हणजे बदलाचा भार कामगारांवर पडू न देण्याचा, उल्लेख आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची 2015 ची शिफारस क्रमांक 204 अनौपचारिक अर्थव्यवस्थेतून औपचारिक अर्थव्यवस्थेकडे जाण्याबद्दलच आहे. ही तीन वाक्यं मूळ इंग्रजीत, परिच्छेद क्रमांकासह, एका पानावर घ्या. तुमचं अर्धं हत्यार तयार झालं.

मग बघा तो शब्द मसुद्यात बसतो कुठे. प्रास्ताविकातली दखल गोड असते, पण तिच्यातून कुणावर बंधन येत नाही. खटपट करायची ती कलमांमध्ये. तिथेही क्रियापद वाचायचं: ‘करतील’ म्हणजे बंधन, ‘करावं’ म्हणजे सल्ला, ‘करण्यास प्रोत्साहन देतील’ म्हणजे जवळजवळ काहीच नाही. आणि ‘राष्ट्रीय परिस्थितीनुसार’, ‘योग्य तेथे’ असे शब्द शेजारी आले की ‘करतील’चीही हवा जाते. वित्तपुरवठ्याच्या कलमात कामगारांचा उल्लेख आला तर निधीचे निकष लिहिताना तो कामी येतो. व्याख्यांच्या कलमात आला तर सगळ्या करारात चालतो. या दोन जागा आधी धरा.

देशांना द्यायचा कागद एका पानाचा, जास्तीत जास्त दोन. डावीकडे मसुद्यातलं आजचं वाक्य, उजवीकडे तुमची दुरुस्ती, खाली दोन ओळींत कारण आणि ही भाषा आधी कुठे मान्य झाली त्याचा दाखला. प्रतिनिधीला तो कागद जसाच्या तसा वाचून दाखवता आला पाहिजे. आठ पानांचं निवेदन कुणी वाचत नाही, आणि वाचलं तरी त्यातून दुरुस्तीचं वाक्य तयार करायला त्याला वेळ नसतो.

वेळेचंही गणित असतं. परिषदेच्या जागी पोहोचेपर्यंत बहुतेक शिष्टमंडळांना राजधानीकडून मिळणाऱ्या सूचना लिहून झालेल्या असतात. राजधानीतल्या मंत्रालयाशी बोलायचं ते दोन-तीन महिने आधी, जेव्हा सूचना लिहिल्या जात असतात. पाच देशांत सदस्य असणं ही तुमची सर्वांत मोठी ताकद इथे लागते: एकाच आठवड्यात पाच राजधान्यांत एकच कागद. प्रादेशिक गटांच्या समन्वयक देशांना शोधून काढा. आफ्रिकी गट किंवा लहान बेटांच्या देशांचा गट एखादा शब्द उचलतो तेव्हा तो एका देशाचा राहत नाही.

प्रत्यक्ष जागेवर काय चुकतं ते सांगतो. लोक समांतर कार्यक्रमांत अडकतात. पन्नास खुर्च्यांची खोली, व्यासपीठावर सात वक्ते, समोर आपल्याच ओळखीचे लोक, आणि नेमकी त्याच वेळी तुमच्या कलमाची बैठक दुसऱ्या मजल्यावर चालू. एक माणूस फक्त रोजच्या वेळापत्रकावर आणि मसुद्याच्या नव्या आवृत्तीवर ठेवा. आवृत्ती रात्री उशिरा येते आणि सकाळच्या सत्रात तिच्यावर चर्चा असते. दुसरं म्हणजे बैठकीचा प्रकार ओळखा. पूर्ण सभा आणि संपर्क गट (ठरावीक कलमांवर चर्चा करणारे छोटे गट) निरीक्षकांना बहुधा खुले असतात, अनौपचारिक बैठका अध्यक्षांच्या मर्जीवर. बुसानमध्ये 2024 च्या शेवटी प्लॅस्टिक करारावर बैठक झाली तेव्हा शेवटच्या दिवसांत खरी चर्चा बंद दारांआड गेली. अशा वेळी आत बसलेल्या चार-पाच प्रतिनिधींशी आधीपासून ओळख असेल तरच काही कळतं. ओळख शेवटच्या दिवशी करता येत नाही.

---

पानगळ

खूप उपयोगी माहिती, मनापासून आभार. दोन पुढचे प्रश्न. एक, आमच्या एका सदस्य संस्थेचे तिच्या मायदेशातल्या सरकारशी संबंध चांगले नाहीत. इकोसॉकच्या अर्जाला ते सरकार आडवं येऊ शकतं का? आणि दोन, एका नव्या आंतरराष्ट्रीय निधीची रचना ठरते आहे आणि नागरी संघटनांचा सहभाग कसा असावा यावर सूचना मागवल्या आहेत. काय मागावं?

---

उंबरठा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्टच देतो: हो, येऊ शकतं. आणि नकार न देता.

अर्जांची छाननी 19 सदस्य देशांची समिती करते. आफ्रिकेतले 5, आशियातले 4, पूर्व युरोपातले 2, लॅटिन अमेरिका व कॅरिबियनमधले 4, पश्चिम युरोप व इतर गटातले 4. मुदत चार वर्षांची. समिती साधारणपणे सहमतीनं चालते. कोणत्याही एका सदस्यानं प्रश्न विचारला की अर्ज पुढच्या बैठकीवर जातो. बैठका वर्षातून दोनदा. म्हणजे दर बैठकीत एक प्रश्न विचारत राहिलं की अर्ज कितीही वर्षं लोंबकळतो, आणि कुणी तो फेटाळलेलाही नसतो. आंतरराष्ट्रीय दलित एकता जाळ्याचा अर्ज असा सुमारे पंधरा वर्षं पडून होता. त्यांना शंभराहून अधिक प्रश्न विचारले गेले. शेवटी डिसेंबर 2022 मध्ये खुद्द इकोसॉक परिषदेत मतदान होऊन दर्जा मिळाला. पत्रकारांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या एका प्रसिद्ध समितीला 2016 च्या मे महिन्यात छाननी समितीनं मतदान करून नाकारलं आणि दोनच महिन्यांत परिषदेनं तो निर्णय फिरवला. यातून घ्यायचं ते हे की समितीवर वरचढ असलेली परिषद आहे, तिथे 54 देश आहेत, पण तिथवर प्रकरण न्यायला एखाद्या मित्रदेशानं राजकीय वजन खर्च करावं लागतं. कुठला देश ते करील याचा विचार अर्ज करण्याआधी करा.

एकाच देशातल्या संस्थेबद्दल नियम असा की तिला दर्जा देताना त्या देशाशी सल्लामसलत व्हावी. त्यामुळे पाचपैकी ज्या देशात संबंध बरे आहेत तिथल्या संस्थेच्या नावानं अर्ज करणं शहाणपणाचं.

प्रश्न कशावरून येतात तेही माहीत असू द्या. संकेतस्थळावर एक आकडा आणि ताळेबंदात दुसरा. सरकारी देणगी कुठून आली, किती टक्के. सदस्य किती आणि कुठे. ‘राजकीय’ वाटणारे उपक्रम. आणि नकाशे व भूभागांची नावं: तैवान, तिबेट, कोसोवो यांचा उल्लेख संयुक्त राष्ट्रांच्या परिभाषेप्रमाणे नसेल तर त्यावर हमखास बोट ठेवलं जातं. अर्ज पाठवण्याआधी संकेतस्थळाची जुनी पानंसुद्धा एकदा वाचून काढा. उत्तरं लहान द्या, विचारलं तेवढंच, आणि समितीच्या सचिवालयानं दिलेल्या तारखेच्या आत. उत्तर उशिरा गेलं तर तेही पुढे ढकलण्याचं कारण होतं, आणि सलग उत्तरंच दिली नाहीत तर अर्ज बंद केला जातो.

हवामान परिषदेचा नियम याच्या उलट आहे. हवामान बदलावरच्या मूळ आराखडा कराराच्या कलम 7 मध्ये निरीक्षकाला प्रवेश द्यायचा असं धरलेलं आहे, हजर देशांपैकी किमान एक तृतीयांश देशांनी हरकत घेतली नाही तर. एका देशाला दार लावता येत नाही. नव्या निधीला सूचना देताना हा दाखला वापरा.

---

सुकाणू

निधीच्या रचनेबद्दल. ‘नागरी समाजाशी अर्थपूर्ण सल्लामसलत करण्यात येईल’ एवढ्या वाक्यावर समाधान मानू नका. ते वाक्य नाकारायला कुणालाही कष्ट पडत नाहीत आणि पाळायलाही पडत नाहीत.

जगात चालू असलेली चार प्रारूपं समोर ठेवून बोला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना 1919 पासून त्रिपक्षीय आहे. प्रत्येक देशाचे दोन सरकारी, एक मालकांचा आणि एक कामगारांचा प्रतिनिधी, आणि प्रत्येकाला स्वतंत्र मत. यापलीकडे अजून कुणी गेलेलं नाही. पण असंघटित कामगारांना तिथे मान्यताप्राप्त कामगार संघटनेमार्फतच यावं लागतं, हे तुमच्या दृष्टीनं महत्त्वाचं. संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाच्या मंडळावर 22 देशांबरोबर पाच बिगर-सरकारी प्रतिनिधी बसतात. त्यांना मत नाही, पण ते चर्चेत बरोबरीनं बोलतात आणि स्वतःचा अहवाल मंडळापुढे ठेवतात. एड्स, क्षय व हिवताप यांच्याशी लढणाऱ्या जागतिक निधीनं पुढची पायरी गाठली: मताधिकार असलेल्या 20 जागांपैकी तीन नागरी बाजूच्या. एक विकसित देशांतल्या संस्थांची, एक विकसनशील देशांतल्या संस्थांची आणि एक स्वतः या रोगांबरोबर जगणाऱ्या समुदायांची. निर्णयाला देणगीदार आणि अंमलबजावणीवाले अशा दोन्ही गटांत वेगवेगळं दोन तृतीयांश बहुमत लागतं, त्यामुळे एका मतालाही किंमत येते. चौथं प्रारूप जागतिक अन्नसुरक्षा समितीचं. 2009 च्या सुधारणेनंतर नागरी संघटना तिथे निरीक्षक नाहीत, सहभागी आहेत; मसुद्यावर चर्चा करतात, पूर्ण सभेत बोलतात, फक्त अंतिम निर्णय देशांचा.

या सगळ्यांत कळीचा प्रश्न जागांच्या संख्येचा नाही, प्रतिनिधी कोण निवडतं याचा आहे. सचिवालयानं निवडला तर पुढच्या वेळीही निवड व्हावी म्हणून तो जपून बोलतो. अन्नसुरक्षा समितीच्या नागरी यंत्रणेत अकरा घटक आहेत: लहान शेतकरी, मच्छीमार, पशुपालक, भूमिहीन, शेतमजूर व अन्न कामगार, आदिवासी, महिला, युवा, ग्राहक, शहरी गरीब आणि या सगळ्यांच्या शेवटी बिगर-सरकारी संस्था. म्हणजे व्यावसायिक संस्था अकरांतला एक घटक, ज्यांचा प्रश्न आहे ते दहा. खाजगी उद्योगांची यंत्रणा वेगळी ठेवली आहे. ही विभागणी मागाच. ‘बिगर-सरकारी घटक’ अशी एकच पिशवी केली की उद्योगांच्या संघटना आणि कचरावेचक एकाच दोन जागांसाठी भांडतात आणि निकाल ठरलेलाच असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2016 च्या नियमावलीत बिगर-सरकारी संस्था, खाजगी उद्योग, धर्मादाय प्रतिष्ठानं आणि शैक्षणिक संस्था असे चार वेगळे वर्ग केले आणि तंबाखू व शस्त्र उद्योगांना दार बंद ठेवलं. ती नियमावली वाचण्यासारखी आहे.

मागणीपत्रात माझ्या मते या गोष्टी असाव्यात. मताधिकारासह किमान दोन जागा, त्यांतली एक थेट कामगारांच्या संघटनांसाठी. निवड घटकांनी स्वतःच्या लेखी, जाहीर पद्धतीनं करावी. प्रत्येक प्रतिनिधीला पर्यायी प्रतिनिधी, आणि दोघांच्या मुदती एकाच दिवशी संपू नयेत, नाहीतर सगळं ज्ञान एका दिवशी बाहेर जातं. कागदपत्रं बैठकीच्या किमान चार आठवडे आधी. सदस्यांशी बोलून, भाषांतर करून मत बनवायला चार आठवडेसुद्धा कमीच पडतात. दुभाष्यांचा, प्रवासाचा आणि बुडालेल्या रोजंदारीचा खर्च निधीच्या नियमित अंदाजपत्रकातून, एखाद्या देणगीदाराच्या इच्छेवर नाही. ज्याचं पोट रोजच्या कामावर आहे त्याला चार दिवस बैठकीला बसवून रोजंदारी न देणं म्हणजे त्याला येऊ नको सांगणं.

आणि एक कलम लोक विसरतात: सूचना नाकारली तर कारण लेखी देण्याचं बंधन. एवढं एक आलं तरी सल्लामसलतीचा दर्जा बदलतो, कारण मग सूचना वाचावी लागते.

---

नदीकाठ

वरचं सगळं आत जाण्याबद्दल आहे. बाहेरून चालणारा मार्गही तेवढाच खरा, आणि कर्जातून उभ्या राहणाऱ्या कचरा प्रकल्पांसाठी कदाचित जास्त जवळचा.

सरदार सरोवराच्या विरोधात नर्मदेच्या खोऱ्यात जे आंदोलन झालं, त्यामुळे जागतिक बँकेला प्रकल्पाचा स्वतंत्र आढावा घ्यायला मोर्स आयोग नेमावा लागला. आयोगाचा अहवाल 1992 ला आला, 1993 च्या मार्चमध्ये भारतानं उरलेलं कर्ज नको म्हटलं आणि त्याच वर्षी बँकेनं तपासणी मंडळ स्थापन केलं. म्हणजे आज जगभरचे लोक ज्या खिडकीत तक्रार देतात ती उघडली कुठल्याही दर्जाशिवाय, संयुक्त राष्ट्रांचा पास गळ्यात नसलेल्या माणसांनी.

त्या मंडळाकडे जायला दोन किंवा अधिक बाधित माणसं पुरतात. साधं पत्र चालतं, भाषा कुठलीही. नावं गोपनीय ठेवता येतात. पत्रात तीन गोष्टी लागतात: कुठला प्रकल्प, काय नुकसान झालं किंवा होणार आहे आणि बँकेच्या कर्मचाऱ्यांकडे हा विषय आधी कधी, कसा मांडला. तिसरी गोष्ट नसल्यामुळे बऱ्याच तक्रारी अडतात. म्हणून बँकेच्या कार्यालयाला पाठवलेला प्रत्येक ईमेल आणि बैठकीचं टिपण तारखेसह जपा. नोंद झाली की व्यवस्थापनाला 21 कामकाजी दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कर्ज बंद झाल्यानंतर 15 महिन्यांपर्यंतच तक्रार चालते, त्यामुळे प्रकल्पाची समाप्तीची तारीख आधी बघून ठेवा.

मर्यादा नीट समजून घ्या. मंडळ बँकेनं स्वतःची धोरणं पाळली का, एवढंच बघतं. सरकार चुकलं किंवा कंत्राटदार चुकला, हे त्याच्या कक्षेत नाही. त्यामुळे ‘आमची उपजीविका गेली’ एवढं लिहून थांबू नका. कचऱ्याचं मैदान बंद झाल्यानं उत्पन्न बुडत असेल तर कर्जाच्या पर्यावरण व सामाजिक चौकटीतल्या उपजीविकेच्या पुनर्स्थापनेच्या तरतुदीशी ते जोडा आणि किती कुटुंबं, आधीची रोजची कमाई किती, आता किती, हे मोजून द्या. ही गणना मैदान बंद होण्याआधी करावी लागते. नंतर पुरावा उरत नाही.

कर्ज खाजगी कंपनीला असेल तर दार वेगळं: आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाचा (जागतिक बँक गटातली खाजगी कंपन्यांना कर्ज देणारी संस्था) अनुपालन सल्लागार लोकपाल, 1999 पासून. तिथे एकटा माणूसही तक्रार करू शकतो आणि मध्यस्थी हवी की चौकशी हे आधी सांगता येतं. मुंद्र्याच्या कोळसा वीजप्रकल्पातले मच्छीमार याच मार्गानं गेले. चौकशीनं त्रुटी दाखवल्या, पण महामंडळानं त्यावर पुरेसं केलं नाही म्हणून ते अमेरिकेच्या न्यायालयात गेले. 2019 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं महामंडळाला दाव्यांपासून संपूर्ण संरक्षण नाही असा निकाल दिला. पुढे खालच्या न्यायालयांत तो विशिष्ट दावा टिकला नाही, तरी अशा संस्थांना कोर्टात खेचताच येत नाही ही समजूत मोडली.

एका मुद्द्यावर ‘सुकाणू’ यांच्याशी थोडा मतभेद. मंडळावर जागा मिळवण्याआधी बाहेर पडण्याची अट सदस्यांमध्ये ठरवून घ्या. कुठल्या निर्णयानंतर जागा सोडायची, हे लिहून ठेवलेलं नसलं तर बसलेला प्रतिनिधी प्रत्येक तडजोडीला ‘आत राहिलो तर पुढच्या वेळी’ असं म्हणत राहतो आणि संघटनेचं नाव नको त्या निर्णयाखाली छापलं जातं.

---

सुकाणू

मतभेद नाहीच, मान्य. त्यात भर घालतो: प्रतिनिधीनं प्रत्येक बैठकीनंतर दहा दिवसांत सदस्यांना त्यांच्या भाषेत एक पानाचं टिपण द्यायचं, कशाला हो म्हटलं, कशाला नाही आणि का, हेही त्याच करारात घाला. टिपण आलं नाही तर पुढचा प्रवासखर्च नाही.

---

चौकटी_कंस

सुरुवात कुठून, हा तिसरा प्रश्न राहिला होता. तीन माणसं असतील तर पहिल्या सहा महिन्यांत मी इतकंच करीन. एक जण मान्य भाषेचं ते एक पान तयार करील आणि चालू मसुद्यावर दुरुस्त्या लिहील. दुसरा पाच राजधान्यांतल्या संबंधित अधिकाऱ्यांची नावं आणि पाचही देशांच्या पुढच्या नियतकालिक आढाव्याच्या तारखा काढील. जो आढावा सर्वांत जवळ असेल त्यासाठी 5630 शब्दांचं संयुक्त निवेदन. तिसरा जाळ्याची नोंदणी करून टाकील, म्हणजे दोन वर्षांचं घड्याळ सुरू होईल.

आणि सुरक्षिततेचा विचार पहिल्याच दिवशी. त्साओ शुनली या चिनी कार्यकर्तीला 2013 च्या सप्टेंबरमध्ये जिनिव्हाला निघाली असताना विमानतळावर अडवून ताब्यात घेतलं गेलं आणि मार्च 2014 मध्ये तिचा मृत्यू झाला. 2016 पासून संयुक्त राष्ट्रांत अशा सूडाच्या प्रकरणांसाठी सहायक महासचिव दर्जाची व्यक्ती नेमलेली आहे आणि महासचिव दरवर्षी त्यावर अहवाल देतात, पण ते घडून गेल्यावरचं. घडण्याआधीचं तुमच्या हातात आहे: आढाव्यासाठी दिलेली माहिती देणाऱ्या संस्थेच्या नावासह प्रसिद्ध होते, तेव्हा ज्या सदस्याला धोका आहे त्याचं नाव संयुक्त निवेदनात घालू नका. साक्षीदारांची लेखी संमती घ्या, कुठे आणि कशासाठी वापरणार ते त्यांच्या भाषेत सांगून. प्रवासाला निघणाऱ्याचा मार्ग, पोहोचण्याची वेळ आणि फोन न आल्यास कुणी कुणाला कळवायचं, हा कागद घरी एकाकडे आणि परदेशातल्या एका सहकाऱ्याकडे असावा. फोनमध्ये मुलाखतींची मूळ ध्वनिमुद्रणं घेऊन सीमा ओलांडू नका.